निळं कासव आणि पाचवी मागणी

मला आजही डोळे मिटून ते कासव काढता येतं. मोठं गोल डोकं, डोक्याच्या निम्मे डोळे, तपकिरी पाठ, पाठीला पांढरी कड, मागे गुंडाळलेली शेपटी. अंगाचा रंग निळा. असलं कासव रंकाळ्यात कुणी पाहिलेलं नाही, पंचगंगेतही नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांनी तरी खरं कासव किती वेळा पाहिलं होतं कोण जाणे. खऱ्या कासवाकडे बघून कुणाला वेफर्स घ्यावेसे वाटत नाहीत, म्हणून असलं गोंडस लागतं.

माझ्या वयाचे लोक हल्ली त्या कासवाचं चित्र छातीवर घालून फिरतात आणि त्याला बालपण म्हणतात. चांगले नोकरीला लागलेले, दाढी राखलेले लोक. "आमच्या काळी काय मजा होती!" असं म्हणताना त्यांचे डोळे ओले होतात. कंपनीनं पाकिटात घालून विकलेली वस्तू म्हणजे ह्यांचं बालपण. मी अशा वेळी गप्प बसते, कारण मी बोलायला लागले की लोक चहा घेऊन दुसऱ्या टेबलावर जातात. म्हणून लिहिते.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ती दोन-तीन वर्षं. मी सहावीत होते. ती मालिका संध्याकाळी लागायची, परदेशातली, हिंदीत बोलणारी. त्यात एक पोरगा रानोमाळ हिंडायचा आणि चित्रविचित्र प्राणी पकडून चेंडूत कोंबायचा. मालकानं हाक मारली की प्राण्यानं चेंडूतून बाहेर यायचं, मालकासाठी लढायचं, मार खायचा आणि पुन्हा चेंडूत जायचं. ह्याला त्या मालिकेत मैत्री म्हणत. कोल्हापुरात कुस्ती कळत नाही असं पोर सापडणं अवघड. आमच्याकडे पैलवान स्वतः जोर काढतो, स्वतः माती खातो, आणि जिंकला तर गदा त्याच्याच खांद्यावर येते. इथे माती खायची कासवानं आणि गावभर मिरवायचं पोरानं. हे माझ्या वर्गातल्या एकालाही खटकलं नाही. तालमीच्या गल्लीत राहणाऱ्यांनाही नाही.

आमच्या घरी टीव्ही होता, पण बातम्या आणि क्रिकेट सोडून काही लावायचं नाही असा ठराव होता; मालिका मी बघितली ती शेजारच्यांच्या टीव्हीवर. आमच्या घरात नियम नसत, ठराव असत. बाबा एका छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. लग्नपत्रिका आणि दूध संस्थांची पावती पुस्तकं पोटासाठी, आणि पत्रकं मनासाठी, अशी त्यांनी विभागणी केली होती. त्यांचं पाच जणांचं एक मंडळ होतं. दर रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत बैठक बसायची आणि कशाचा तरी निषेध ठरायचा. मी अक्षरं पत्रकांवरून शिकले. मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलेला शब्द 'धिक्कार' होता, असं आई सांगते. ते ती कौतुकानं सांगते की वैतागून, हे मला अजून कळलेलं नाही.

कुठलंच पत्रक वाटून संपत नसे. उरलेले गठ्ठे आमच्या शाळेच्या फाटकाशी बसणाऱ्या भडंगवाल्या मावशींकडे जात. मावशी सीमेकडच्या कुठल्याशा गावातून नवऱ्याबरोबर कोल्हापुरात आलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शाळेच्या भिंतीला पाठ लावून त्या बसत. पुढ्यात वेताची बुट्टी, बुट्टीत भडंगाचे तिखट चुरमुरे, वर जाड फडकं. फडकं बाजूला झालं की लसूण आणि मिरचीचा वास थेट वर्गात यायचा आणि गणिताचं वाटोळं व्हायचं. त्या भिंतीलगतच्या चार हात जागेवर त्यांचं घर चालायचं. दुसरीकडे कुठे बसणार? जिथे मुलं, तिथे भडंग.

पत्रकाचा कागद गुंडाळून त्या पुडी करत. त्यामुळे आमच्या शाळेतली मुलं महागाईच्या निषेधातून भडंग खात, धरणग्रस्तांच्या प्रश्नातून खात, बुवाबाजीच्या भांडाफोडीतून खात. बाबा म्हणत, "निदान पुडीवर तरी वाचतील." कुणी वाचत नसे. तेलाचे डाग पडलेला कागद चोळामोळा करून एकमेकांना मारत. पण मावशींना त्या कागदाचं अप्रूप होतं. माझ्याकडून त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत.

"तुझ्या बाच्या कागदावर माझा धंदा चाललाय, आणि तुझं पैसं घिऊ व्हय? घे की. लाजतीस कशाला, पत्रकबाई?"

पत्रकबाई हे मला त्यांनी ठेवलेलं नाव. शाळेत दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याचे केस उपटले असते.

आणि मग वेफर्सच्या पाकिटात चकत्या आल्या. चकती रुपयापेक्षा मोठी, प्लॅस्टिकची, एका बाजूला त्या मालिकेतला एखादा प्राणी. शाळेसमोर रस्त्यापलीकडे एक जनरल स्टोअर्स होतं, तिथे पाकिटांच्या माळा लटकायला लागल्या. शाळेच्या आत कँटीन होतं, तिथेही लटकल्या. पाकीट फोडायचं, दोन वेफर्स तोंडात टाकायचे, चकती बाहेर काढायची आणि मधल्या सुट्टीत खेळायला बसायचं. चकत्यांची चळत लावायची, वरून आपली चकती आपटायची, उलटतील त्या आपल्या. गोट्यांचाच खेळ, पण गोट्या कुणी वेफर्समध्ये घालून विकल्या नव्हत्या.

सगळ्यांना निळं कासव पाहिजे होतं. ते सहजी मिळत नसे. ते सहजी मिळणार नाही ह्याची कुणीतरी पगार घेऊन व्यवस्था केली असणार, हे मी तेव्हाही ओळखलं होतं. मी ते वर्गात बोलूनही दाखवलं. वर्ग म्हणाला, "तुला मिळालं नाही म्हणून जळतीस."

महिनाभरात मावशींची बुट्टी संध्याकाळीही निम्मी भरलेली दिसायला लागली. मधल्या सुट्टीत त्या मान उंच करून रस्त्यापलीकडच्या माळांकडे बघत. एकदा माझ्यासमोरच त्यांनी सातवीतल्या एका मुलाला थांबवलं.

"आरं, त्या कासवात एवढं हाय तरी काय?"

"मावशी, ते तोंडातनं पाण्याची पिचकारी मारतंय!"

"मग? आमचा म्हातारा बी तंबाखू खाऊन मारायचा. त्याची न्हाय कुणी चकती काढली."

मुलगा हसत हसत रस्ता ओलांडून गेला आणि पाकीट घेऊन आला. मावशी माझ्याकडे वळल्या. हसत नव्हत्या.

"पत्रकबाई, तुझ्या बाला म्हणावं, ह्याच्यावर काढा की एक कागद. हे असंच चाललं तर मला हितनं उठायची पाळी येईल."

मी छाती पुढे काढून हो म्हणाले. माझ्या दप्तरात, कंपासपेटीत, कोनमापकाच्या खाली, तेव्हा एक निळं कासव होतं.

ते कसं आलं, तेही सांगून टाकते. वर्गातल्या एका मुलीकडे दोन कासवं होती आणि तिला 'श्रमाचे महत्त्व' ह्या विषयावर निबंध लिहून पाहिजे होता. मी दिला. चांगला तीन पानी दिला. त्यात 'ऐतखाऊ' हा शब्द चार वेळा आला होता. तिला दहापैकी आठ गुण पडले आणि मला कासव मिळालं. माझ्या लेखणीची ती पहिली कमाई. रोज दुपारी बाबा छापखान्यात आणि आई शेजारी गेली की मी ते काढून बघायची, आणि बघता बघता जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर काढत बसायची. वर्गात त्या चकत्यांचा धिक्कार करणारी मीच, आणि शेपटीचा वळसा नीट जमेपर्यंत वीस-वीस कासवं काढणारीही मीच. ढोंगी. स्वतःबद्दल ह्याहून सौम्य शब्द माझ्याकडे नाही.

रविवारी मी बैठकीत विषय मांडला. मंडळात बाबांशिवाय एक वकील होते, एक निवृत्त गुरुजी होते, आणि दोघे जण माना हलवायला होते. गुरुजी जैन. त्यांनी आयुष्यात बटाटा खाल्ला नव्हता आणि ह्या विषयावर त्यांना फार दिवसांपासून बोलायचं होतं.

"बटाटा मुळातच वर्ज्य आहे," ते म्हणाले. "जमिनीखालचं खाणं म्हणजे अनंत जिवांची हिंसा."

"गुरुजी, इथे बटाट्याचा प्रश्न नाही, पाकिटाचा आहे," वकील म्हणाले.

"बटाटा काढला तर पाकिटात उरतं काय, वकीलसाहेब?"

"हवा आणि चकती. विरोध त्या चकतीलाच आहे."

"मग बटाट्याला तुमचा पाठिंबा आहे, असं मी समजू?"

ह्यावर दीड तास गेला. दीड तासात टेबलावरच्या ताटलीतलं मावशींचं भडंग संपलं, आईनं दुसऱ्यांदा भरलं, तेही अर्ध्यावर आलं. शेवटी बटाट्याचा उल्लेख टाळायचा आणि 'असले निकृष्ट पदार्थ' असं लिहायचं ठरलं. त्यावर गुरुजींनी 'निकृष्ट आणि हिंसक' अशी दुरुस्ती सुचवली. मतदानात ती पडली.

मग मागण्या. चार मागण्या झटपट निघाल्या. कंपनीनं चकत्या बंद कराव्यात, सरकारनं चौकशी करावी, मालिकेवर नियंत्रण आणावं, पालकांनी जागृत व्हावं. चौथी ही मागणी नव्हतीच, पण ती आमच्या प्रत्येक पत्रकात असायची. बाबांनी मजकूर मोजला आणि कपाळाला आठ्या घातल्या. पत्रकाला मागण्या पाच लागतात, असा त्यांचा आयुष्यभराचा सिद्धांत. चार मागण्यांचं पत्रक लंगडं दिसतं, शिवाय कागदाच्या तळाशी दोन ओळींची जागा मोकळी राहते आणि कंपोझिटरला मोकळी जागा बघवत नाही.

"पाचवी काय घालायची?" त्यांनी विचारलं.

वकिलांनी छताकडे बघितलं. गुरुजींच्या डोक्यात अजून बटाटा होता. मी दाराशी उभी होते. मला डोळ्यांपुढे शाळेसमोरचं ते स्टोअर्स दिसत होतं, त्या चमकत्या माळा दिसत होत्या. मी म्हणाले, "शाळेच्या फाटकाबाहेर मुलांना खाद्यपदार्थ विकण्यावर तातडीनं बंदी घालावी."

मग बाबांनी वकिलांकडे बघितलं आणि वकिलांनी मान डोलावली. "पोरगी तयार झाली," गुरुजी म्हणाले आणि लसूणही जमिनीखालचाच हे विसरून त्यांनी ताटलीतलं भडंग मूठभर उचललं. पाचवी मागणी एकमतानं मंजूर झाली. ती मंजूर करताना सहाही तोंडं, माझं धरून, भडंग चावत होती.

एवढी वर्षं मी ह्याचा विचार करते आहे आणि मला एकच उत्तर सापडतं. आमच्या लेखी मावशी म्हणजे जनता होती. जनता काही विकत नसते. जनता भरडली जाते, नाडली जाते, तिच्यासाठी पत्रक काढायचं असतं. बुट्टी घेऊन फाटकाबाहेर खाद्यपदार्थ विकणारी बाई म्हणजेही तीच, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. कष्टकऱ्यांवर दोनशे-तीनशे पत्रकं काढलेल्या माणसांची ही नजर.

चित्राची कल्पना बाबांची. चित्राशिवाय मुलं कागद हातात घेणार नाहीत, हे त्यांना पुड्यांवरून कळलं होतं. "त्या कासवावर काट मारलेलं चित्र पाहिजे. कुणाला येतं?" मी म्हणाले, मला येतं. पाच मिनिटांत काढून दिलं.

"न बघता एवढं हुबेहूब?" बाबा म्हणाले.

"शाळेत सगळीकडे तेच दिसतं ना," मी म्हणाले.

त्याचा छपाईचा ब्लॉक करून आणला. बाबांना पिवळा कागद हवा होता, तो स्वस्त पडायचा. मी हट्ट धरला की पिवळ्यावर निळी शाई हिरवट उठते, कागद पांढराच पाहिजे. बाबांना माझी तळमळ कौतुकाची वाटली. काट मारायची ती लाल शाईत वेगळी छापावी लागली असती, म्हणजे मशीनवर दुसऱ्यांदा कागद चढवणं आलं. म्हणून काट रद्द झाली. अशा तऱ्हेनं आमच्या मंडळानं त्या कंपनीच्या कासवाचं सुबक, पांढऱ्यावर निळं, फुकट चित्र छापलं आणि त्याच्याखाली त्याचा निषेध लिहिला.

सोमवारी सकाळी मी फाटकाशी उभी राहिले. आमच्या इतिहासात पत्रकासाठी कधी रांग लागली नव्हती. त्या दिवशी लागली. चौथीतली मुलं दोनदा येत होती, आठवीतले थोराड हात पुढे करून "ए, मला चार दे, घरात भावंडं हाईत" म्हणत होते. दहा मिनिटांत गठ्ठा संपला. मावशी भिंतीशी बसून बघत होत्या. त्यांनी दोन्ही हातांची बोटं माझ्याकडे करून कानशिलावर मोडली, दृष्ट काढली.

मधल्या सुट्टीत मला कळलं. मुलांनी कासवं कापून घेतली होती. कंपासनं गोल आखून, कात्रीनं नीट कापून, वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून. शाळाभर बनावट कासवांचा सुळसुळाट झाला. मैदानात, जिन्यात, मुतारीत, सगळीकडे आमची पत्रकं पडलेली, वरच्या बाजूला मोठं गोल भोक असलेली. काही ठिकाणी कासवाबरोबर 'पालकहो, सावध' मधला 'सावध' गेला होता. मी काही गोळा करून मावशींकडे नेली, निदान पुड्या तरी होतील म्हणून. त्यांनी एक कागद उजेडात धरून भोकातून माझ्याकडे बघितलं.

"भोकात भडंग ऱ्हातंय व्हय गं?"

हसलो दोघी. तेवढं शेवटचं.

ते पत्रक एकाच माणसानं पूर्ण वाचलं. हेडसरांना कासवात रस नव्हता, म्हणून त्यांचा कागद अखंड राहिला होता. बुधवारी प्रार्थनेनंतर त्यांनी मला पुढे बोलावलं आणि सगळ्या शाळेसमोर पत्रक वर धरलं. अशा जागृत पालकांचा शाळेला अभिमान आहे, म्हणाले. चकत्या, सरकार आणि मालिका ह्या गोष्टी शाळेच्या हातात नाहीत, पण पाचवी मागणी रास्त आहे आणि ती मान्य करण्यात येत आहे. उद्यापासून फाटकाबाहेर कुणी काही विकणार नाही. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मला वाटलं, स्टोअर्स बंद होणार.

स्टोअर्स रस्त्यापलीकडे, स्वतःच्या मालकीच्या गाळ्यात. त्याला शाळा काय करणार? कँटीन तर फाटकाच्या आत. राहिलं कोण?

गुरुवारी सकाळी शिपाई मावशींच्या समोर उभा होता. हातात आमचंच पत्रक. "माझ्या मनचं न्हाय मावशी, ह्यात लिवलंय," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मावशींना वाचता येत नव्हतं, पण कागद त्यांनी ओळखला. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"ही बघ आली. ही सांगंल. आगं, ह्यो कागद तुझ्या बाचाच न्हवं? ह्यो म्हणतोय, ह्यात मला उठवाय सांगितलंय. वाच बघू. मोठ्यानं वाच, ह्याला बी ऐकू दे."

मी वाचलं. पहिली मागणी वाचली, दुसरी वाचली, तिसरी, चौथी. आवाज चांगला खणखणीत होता, मला पत्रक वाचायची सवय होती. पाचवीच्या 'फाटकाबाहेर' ह्या शब्दापर्यंत मी त्याच आवाजात गेले. मग माझी नजर बुट्टीवर गेली आणि मला समजलं. पण वाक्य सुरू झालं होतं, ते मी संपवलं. 'तातडीनं' सुद्धा म्हटलं.

मावशींनी आधी माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं, मग बुट्टीकडे.

"म्हंजे मीच की," त्या म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "भाऊंनी, तुझ्या बानं, लिवलं हे? माझ्यावर? मीच तर म्हणलं होतं, कागद काढा म्हणून."

तेव्हा मला म्हणता आलं असतं की पाचवी मागणी माझी. मी खाली बघत राहिले. त्यांनी बुट्टीवर फडकं टाकलं, चार कोपरे आत खोचले, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि शिपायालाच म्हणाल्या, "हात लाव की रं." त्यानं बुट्टी उचलून दिली. मावशी गेल्या. कँटीनमध्ये त्या दिवशी पाकिटांच्या आणखी दोन माळा लागल्या.

घरी बैठक झाली. तातडीची. बाबा सुन्न होते, पण सुन्न माणसालाही इतिवृत्त लिहावं लागतं. वकील म्हणाले, मागणीचा भावार्थ पाकिटांपुरता मर्यादित होता. मग ते आणि बाबा हेडसरांकडे गेले. हेडसर शांतपणे म्हणाले, "तुमच्या पाच मागण्यांतली एक मान्य केली. आता तीच मागे घेता? लेखी द्या." हे ऐकून दोघे परत आले, आणि मग आमच्या बाहेरच्या खोलीत मी जे ऐकलं ते मी कधी विसरणार नाही.

"लेखी देणं बरोबर नाही," गुरुजी म्हणाले. "मंडळाच्या स्थापनेपासून मान्य झालेली ही पहिलीच मागणी आहे."

कुणी हसलं नाही. खरंच पहिली होती. एवढी वर्षं धरणं, महागाई, बुवा, दारू, सगळ्याविरुद्ध लढून मंडळानं जी एकमेव लढाई जिंकली, ती एका विधवेच्या बुट्टीविरुद्ध होती, आणि तो विजय सोडवत नव्हता. दोन तासांनी ठरलं की एक खुलासा छापायचा. खुलाशाच्या शेवटी भडंगवाल्या भगिनींना न्याय मिळावा म्हणून मागण्या. बाबांनी लगेच कागद ओढला. मागण्या चार निघाल्या.

बाबांनी निरोप धाडला, तेव्हा मावशी आमच्या घरी आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. बाबांनी त्यांना मसुदा वाचून दाखवला, कुठेकुठे आवाज चढवून. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या पाया पडते. माझ्यावर आता कागद काढू नका."

बाबांनी मसुदा घडी घालून खिशात ठेवला. तो छापला गेला नाही. बाबांनी त्यानंतर काढलेल्या पत्रकांत मागण्या कधी तीन असत, कधी सात. पाच कधीच नसत. माझ्या माहितीत त्यांनी केलेली आत्मटीका एवढीच.

मावशी कळंब्याला जेलच्या फाटकाशी बसतात, हे मला शिपायाकडून कळलं. त्या शाळेपासून उठल्याला तेव्हा पाच-सहा आठवडे होऊन गेले असतील. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी घरी न सांगता बसनं कळंब्याला गेले. कंपासपेटीत कासव होतं. ते का घेतलं होतं, सांगता येणार नाही. पुरावा म्हणून असेल.

कैद्यांना भेटायला आलेली माणसं पिशव्या घेऊन बसली होती. बायका जास्त. मावशी त्यांच्यातच बसल्या होत्या, भिंत नव्हती म्हणून पाठ वाकलेली. बुट्टी तीच. पुड्या वर्तमानपत्राच्या. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. पाचवी मागणी माझी होती, बाबांची नाही. चित्रही माझं होतं. कासव माझ्याकडे आधीपासून होतं, निबंध लिहून मिळवलेलं. चकती काढून दाखवली.

मावशींनी चकती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि परत दिली.

"एवढंच हाय हे?" त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, हो.

मला वाटलं होतं त्या रागावतील. किंवा म्हणतील, जाऊ दे बाळ, तू लहान. पत्रकांत जनता नेहमी दोन्हींपैकी एक करते, पेटून उठते नाहीतर उदार होते. मावशींनी पुडी वळली, भडंग भरलं, वर चिमूटभर जास्तीचं टाकलं, जसं त्या सगळ्याच गिऱ्हाइकांना टाकत, आणि हात पुढे केला.

"घ्या, पावणं."

मी पुडी घेतली. त्यांचा हात तसाच पुढे होता. मला समजायला वेळ लागला. मग मी परतीच्या बसचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते बघून पदराच्या गाठीत बांधले आणि माझ्यामागच्या बाईला विचारलं, "काय पावणं, कुठनं आलासा?"

चालत निघाले. कळंबा तलाव वाटेत लागतो. कडेला उभं राहून मी भडंग खाल्लं. नेहमीसारखंच होतं, लसूण पुढे आणि मिरची मागून येणारी. संपल्यावर ती चकती हात मागे नेऊन जोरात पाण्यात फेकली. पाण्यातला प्राणी म्हणे. तो बुडालासुद्धा नाही. चांगला पोट वर करून तरंगत राहिला, आणि वारा माझ्याच दिशेनं असल्यामुळे हळूहळू काठाकडे यायला लागला. शेजारी म्हशी धुणारा माणूस बघत होता.

"काय टाकलंस गं पाण्यात?" तो ओरडला.

ह्या तलावाचं पाणी शहर पितं, त्यात कचरा टाकू नका, असं एक पत्रक आमच्या मंडळानं वर्षभरापूर्वी काढलं होतं. मी स्वतः वाटलं होतं. मी चपला काढल्या, गुडघाभर पाण्यात उतरले, चिखलात दोनदा घसरले आणि ते कासव बाहेर काढलं. ओला स्कर्ट घेऊन चालत घरी गेले. आईनं विचारलं, कुठे होतीस. मी खरं सांगितलं. तिनं टॉवेल दिला आणि बाबांना सांगितलं नाही.

ती चकती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. कडा झिजल्यात, निळा रंग तसाच आहे. काही लिहायला बसले आणि 'जनता' हा शब्द कागदावर आला, की मी खण उघडून तिच्याकडे बघते आणि तो शब्द खोडते.